माप द्यायची सवय नाही

असं होणार आहे.

दुपार असेल. मास्टर पलंगावर बसल्या बसल्या पुढे झुकतील, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवतील, आणि श्वास घ्यायला जातील तेव्हा तो अर्ध्यावर अडेल. सून हाक मारेल. खाली दुकानात शिलाईचं मशीन थांबेल. मुलगा पायऱ्या गाळत वर येईल, वडिलांचे निळे पडलेले ओठ बघेल आणि फोन उचलेल. अँब्युलन्स येईल, कारण बोलावली की ती येते. अँब्युलन्समधली माणसं त्यांचं काम करतील, कारण त्यांचं काम तेच आहे. हॉस्पिटलात घशातून नळी जाईल, नळीला मशीन लागेल, आणि त्यानंतर मास्टरांना काय हवं होतं हे कुणालाच विचारता येणार नाही. नळी घातलेला माणूस बोलत नाही.

हे टाळायचं तर आधी विचारायला हवं. आणि टाळायचं नसेल, मास्टरांना तेच हवं असेल, तरी आधी विचारायला हवं.

विचारायचं मला आहे. मी घरोघरी जाऊन पेशंट बघणारी नर्स. आणि मास्टरांच्या मुलाने मला बजावून ठेवलंय की बाबांसमोर त्या विषयाचा शब्द काढायचा नाही.

*

(मुलाचा व्हॉइस मेसेज)

"सिस्टर, मी बोलतोय. टेलर. म्हणजे मुलगा, मास्टरांचा. उद्या येताय ना? या, जरूर या. फक्त एक... मागच्या वेळी तुम्ही बाबांना विचारलंत, तुम्हाला आजाराबद्दल काय काय माहीत आहे म्हणून. तसलं नका विचारू. छातीत पाणी झालंय एवढं त्यांना माहीत आहे. तेवढं पुरे. हळवे आहेत ते. वाटत नाहीत, पण आहेत. एकदा गिऱ्हाईकाचा कोट इस्त्रीने जळला तर दिवसभर जेवले नव्हते. आणि हे तर... ठेवतो, बाबा हाक मारतायत. नाही, मला नाही. मांजराला मारतायत. ठेवतो."

*

खाली दुकान, वर घर, मध्ये लाकडी जिना. समोरून कुणी आलं तर एकाने भिंतीला पाठ लावून पोट आत घ्यावं असा. वरच्या खोलीत खिडकीजवळ पलंग, पलंगासमोर माणूसभर उंचीचा आरसा. दुकानातली ट्रायल रूम मोडली तेव्हा तो वर आला आणि मग तिथेच राहिला.

मास्टर पलंगावर पूर्ण कपड्यांत बसतात. शर्ट, पँट, वर बिनबाह्यांचं जाकीट. मी एकदा म्हटलं, सैल काहीतरी घाला, बरं वाटेल. ते म्हणाले, "टेलरने ढगळ घालावं आणि आचाऱ्याने उपाशी राहावं, असं कुठे असतं का?"

त्या दिवशीचं बोलणं:

"या सिस्टर. आज काय टोचणार?"

"आज काही नाही. नुसतं बघणार."

"बघून घ्या. बघण्यासारखं काही उरलं असेल तर मलाही सांगा." मग बोट वर करून, "ऐका. काज करतोय. कॉलरचं काज. आता बघा, थांबेल."

खालचं मशीन थांबलं.

"थांबलं. म्हणजे आपण काय बोलतोय ते ऐकतोय. काहीतरी चांगलं बोला माझ्याबद्दल."

"मास्टरांची तब्येत उत्तम आहे!" मी जिन्याच्या दिशेने म्हटलं.

मशीन सुरू झालं. मास्टर हसले, हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला लवकर थांबेना. पाणी दिलं. पाठीवर हात ठेवला, जाकिटावरूनच. त्यांना सारखी थंडी वाजते, म्हणून मी छातीही दोन बटणांच्या मधून तपासते.

श्वास बसला तेव्हा मी पिशवीतून टेप काढली. दंडाचा घेर मोजायचा असतो. वजनकाट्यावर उभं राहणं आता त्यांना जमत नव्हतं.

"ती आत ठेवा."

"दंड फक्त, मास्टर."

"आज दंड मागाल, उद्या छाती, परवा कंबर. हा धंदा मी ओळखतो. सगळा जन्म लोकांची मापं घेतली, मला माप द्यायची सवय नाही."

मला हसू आलं. टेप आत ठेवली, आणि काटा नसतो त्या घरी आम्ही जे करतो तेच केलं: कपडे बघितले. माणूस वाळायला लागला की आधी त्याचे कपडे बोलतात. कॉलर मानेपासून सुटते. खांद्याची शिवण दंडावर घसरते. पँट कमरेवर चुण्या घालते. मास्टरांची कॉलर मानेला धरून होती. खांदा खांद्यावर होता. गोळ्यांनी चेहराही भरलेला दिसत होता, आणि गोळ्यांनी चेहरा भरतो हे मला माहीत असूनही मी कपड्यांवर विश्वास ठेवला. कपड्यांना कोण गोळ्या देतंय?

डॉक्टर मॅडमना फोन केला. "वजन टिकून आहे."

"अरे वा," त्या म्हणाल्या. "मग काही महिने आहेत हातात. घाई नको. मुलाच्या कलाने घ्या."

मला हायसं वाटलं. विचारायचं पुढे ढकललं की सगळ्यांनाच हायसं वाटतं.  

*

सून मला जिन्याच्या अर्ध्यापर्यंत सोडायला आली. अर्ध्यापर्यंतच, त्याच्या खाली नवऱ्याला ऐकू जातं.

"मला ते घरीच हवेत, सिस्टर. तिकडे नेलं की ते आत आणि आपण बाहेर बाकावर. कुणी बाहेर आलं की आपण उठून उभं राहायचं, ते पुढे निघून गेलं की परत बसायचं. माझ्या वडिलांच्या वेळी तेच करत होते मी."

"तुम्ही बोललात का?"

"ह्यांच्याशी? त्यापेक्षा भिंतीशी बोलावं. भिंत निदान रुसत नाही."

"बाबांशी?"

"बाबांशी बोलायला तोंड उघडलं की हे काहीतरी शोधायला वर येतात. कधी कात्री, कधी चष्मा. चष्मा डोळ्यांवर असतो. खाली मशीन थांबलं की माझं तोंडही थांबतं."

मशीन थांबलं.

"भाजी महाग झालीय नाही हल्ली," सून मोठ्याने म्हणाली.

*

त्यानंतरच्या भेटीत वेदनेची पट्टी बदलायची होती. औषधाची पट्टी, पाठीवर लावायची. एरवी मुलगाच लावायचा. अंघोळही तोच घालायचा, दार लावून. त्या दिवशी खाली गिऱ्हाईक होतं. कोटाचं. कोटाचं गिऱ्हाईक सोडून येता येत नाही.

"मी लावते," म्हटलं.

मास्टरांनी एकदा जिन्याकडे बघितलं. मग म्हणाले, "लावा."

जाकीट काढलं. शर्टाची बटणं त्यांनी स्वतः सोडली, हळूहळू, एकेकाशी काहीतरी बोलणं असल्यासारखी. मी मागून शर्ट खांद्यांवरून उतरवला.

शर्ट उतरला आणि मास्टर निम्मे झाले.

पाठीची हाडं. दोन हाडांमधली कातडी खाली बसलेली, श्वासाबरोबर अजून खाली जाणारी. पट्टी चिकटवायला सपाट जागा सापडेना. मी बोटांनी जागा शोधत होते आणि दुसऱ्या हातात शर्ट होता, उलटा झालेला, आतली बाजू बाहेर.

आत बाजूच्या शिवणीला लागून दुसरी शिवण होती. तिच्या आत अजून एक. त्याहीपलीकडे उसवलेल्या टाक्यांची भोकं, रांगेने. जास्तीचं कापड कापलेलं नव्हतं. घडी घालून हाताने दाबून बसवलेलं, टाके इतके बारीक की नखाला लागू नयेत. पाठीत तसंच. खांद्यात तसंच. कॉलर सोडून पुन्हा बसवलेली.

"एक पट्टी लावायला एवढा वेळ?" मास्टर मागे न बघता म्हणाले.

"लावतेय."

"शर्टाकडे काय बघताय मग? शर्ट बरा आहे."

मी पट्टी लावली. तळहात दाबून धरायचा असतो, चिकटेपर्यंत. माझ्या तळहाताखाली त्यांचं हृदय धावत होतं.

"चांगलं शिवलंय ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुणी?"

"उंदरांनी. रात्री येतात आणि शिवून जातात. आमच्याकडचे उंदीर शिकलेले आहेत."

"तुम्हाला माहीत आहे."

"अहो सिस्टर, टेलर आहे मी. शर्ट अंगावर आला की मला कळतं, कुठे काय झालंय ते."

"मग बोलला का नाहीत? त्याला नाही तर मला?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याला सांगितलं असतं. तुम्ही बायका पोटात ठेवत नाही." खाली मशीन घरघरत होतं. त्या आवाजाच्या आडून ते पुढे बोलले. "त्याला माझं काही करता येत नाही. औषध तुमचं, बाई डॉक्टर तुमच्या, जेवण सुनेच्या हातचं. त्याच्या हाताला हे एक काम आहे. ते काढून घेऊ?"

मशीन थांबलं. मास्टरांनी बोट वर केलं.

"शर्ट द्या," ते मोठ्याने म्हणाले. "गारठलो."

*

"मॅडम, मास्टरांचं वजन उतरलंय."

"किती?"

"खूप. मी आज पाठ बघितली."

"तुम्ही म्हणाला होतात टिकून आहे."

"कपड्यांवरून म्हणाले होते."

"मग?"

"कपडे लहान केलेत, मॅडम. वजन उतरेल तसे. मुलाने. त्यांना कळू नये म्हणून."

पलीकडे कुणाशी तरी बोलणं चालू होतं, ते थांबलं.

"सिस्टर, मग महिने विसरा. आणि आठवडे आहेत असंही कुणाला सांगू नका. विचारलंत का त्यांना?"

"नाही."

"आजच विचारा. मी उद्या सकाळी येऊन त्यांच्याशी बोलते, ते म्हणतील तसा कागद करून देते. पण तुम्ही आज विचारा. मध्ये एक अख्खा दिवस आहे."

*

दुकानातलं कोटाचं गिऱ्हाईक निघून गेलं होतं. मुलगा मोठ्या टेबलावर कापड पसरून खडूने खुणा करत होता. मी समोर उभी राहिले. त्याने मान वर केली नाही.

"तुम्ही बाबांचे कपडे आत घेताय."

खडू थांबला.

"बाबांनी सांगितलं?"

"शर्टाने सांगितलं."

"मग काय चुकलं?" तो एकदम भांडणाच्या सुरात म्हणाला. "सैल कपड्यांत माणूस आहे त्याहून आजारी दिसतो. वर तो आरसा आहे. मला हलवू देत नाहीत. सकाळी उठल्या उठल्या त्यात बघतात. मी म्हटलं, आरशात तरी..."

"मीही तेच कपडे बघितले. आणि डॉक्टरांना कळवलं की वजन टिकून आहे."

त्याला आधी समजलं नाही. मग समजायला लागलं. ते मला दिसलं, चेहऱ्यावर नाही, हातांत. त्याने कापडाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"म्हणजे औषध कमी पडलं? माझ्यामुळे?"

"औषध नाही. वेळ कमी पडला. आणि तुमच्या एकट्यामुळे नाही. मी टेप काढून परत आत ठेवली होती."

"वेळ म्हणजे किती?"

"थोडा. म्हणून विचारायला हवं."

"काय विचारणार? कुठे मरायचंय ते?" तो ओरडला. दारात एक बाई पिशवी घेऊन आली होती, ती पिशवीसकट मागे फिरली. वर काहीतरी हललं. त्याने आवाज खाली आणला, पण तो खाली येताना फाटला. "सांगा ना. काय शब्द वापरणार? आधी मला म्हणून दाखवा. माझ्यावर ट्रायल घ्या."

मी तोंड उघडलं.

मग मिटलं आणि जिन्याकडे वळले. तो खडू ठेवून मागे निघाला.

*

जिन्यावर, वर जाताना, मनातल्या मनात:

मास्टर, पुढेमागे त्रास वाढला तर

(तर कशाला? वाढणारच आहे.)

मास्टर, तसं काही होणार नाही, पण समजा

(मग समजायचं कशाला?)

मास्टर, काही जणांना घरी बरं वाटतं, काही जणांना

(लग्नाचा हॉल ठरवतेय का मी?)

मास्टर, आपण आधीच ठरवून ठेवलं तर

(आपण कोण? नळी कुणाच्या घशात जाणार?)

मास्टर.

(इथपर्यंत बरोबर आहे.)

*

"दोघं एकदम?" मास्टर म्हणाले. "म्हणजे कोर्टच बसलं."

मुलगा माझ्या मागे दारातच उभा होता. सून मोरीच्या दारात, ओले हात तसेच.

"बस रे. तुला उभं बघितलं की मला वाटतं दुकान पेटलंय."

तो पलंगाच्या कडेवर टेकला.  मास्टरांनी आपला उजवा हात जरा उचलला आणि खाली ठेवला.

"उजवी शिवण ओढते."

"काय?"

"शर्टाची. काखेखाली. घाईत मारलीस. डावी सुरेख आहे. डावीला मी नाव ठेवणार नाही."

मुलाने मान खाली घातली. कान लाल झाले, लहान पोराचे होतात तसे. "कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या शर्टापासून. कापड कापलं नाहीस ते आवडलं मला. म्हटलं, पोराला अजून वाटतंय, परत सैल करावे लागतील." त्यांना दम लागला. त्यांनी थांबून तो मिळवला. "आता सिस्टरांना बोलू दे. त्या केव्हाच्या ओठ चावतायत."

"मास्टर," मी म्हटलं.

"बोला."

"छातीतला आजार खूप वाढलाय. तो बरा होणार नाही."

मुलाने डोळे मिटले. मास्टरांनी मिटले नाहीत.

"हं. पुढे."

"श्वास एखाद्या दिवशी फार अडेल. तेव्हा तुम्हाला हॉस्पिटलात नेता येईल. तिथे घशात नळी घालून मशीनवर श्वास देतील. किंवा इथेच ठेवून, औषध देऊन त्रास कमी करता येईल. तुम्हाला काय हवं ते तुम्ही सांगायचं. म्हणून विचारतेय."

"नळी घातल्यावर बोलता येतं?"

"नाही."

"परत निघते?"

"तुमच्या बाबतीत बहुतेक नाही."

"आणि इथे राहिलो तर घुसमटेन?"

एवढा वेळ ते गिऱ्हाईकाशी बोलावं तसं बोलत होते. हा प्रश्न तसा नव्हता. हाताची बोटं चादरीत रुतली होती.

"श्वास पूर्ण मोकळा होईल असं नाही म्हणणार मी. पण औषधाने जीव घाबरा होणं कमी होतं. फारच वाटलं तर झोप लागेल एवढं देता येतं."

"तुम्ही असाल ना तेव्हा?"

हो म्हणायला जीभ उचलली होती. "नसेन बहुतेक. मी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी असेन. फोनवर असेन. औषध घरातल्याच कुणीतरी द्यायचं."

मास्टर मुलाकडे बघत राहिले. बघता बघता त्याचं माप घेत होते म्हटलं तरी चालेल.

"हा फोनकडे पळेल," ते मला म्हणाले.

"नाही पळणार, बाबा."

"पळशील. आणि तुझं सोड. ऐनवेळी मीच घाबरून न्या म्हणालो तर?"

"तर नेऊ," मी म्हटलं. "शब्द फिरवायचा हक्क तुमचा आहे."

"आणि त्यांना बोलताच आलं नाही तर?" मुलाचा आवाज चढला. "मी कसं ओळखायचं? ते मनात न्या म्हणत असले आणि मी नुसता बघत बसलो तर? सांगा ना!"

ह्याचं उत्तर मास्टरांनीच दिलं, आणि त्याच्याकडे बघून दिलं.

"बोलता आलं तर बोलेन. नाही आलं तर आत्ताचं धर. आत्ता डोकं ठिकाणावर आहे. मला नको नेऊ. इथे, ह्या पलंगावर. मी तुला सांगतोय, सिस्टरांना नाही. ऐकलंस?"

मुलगा हो म्हणाला नाही. त्याने वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला, भाजल्यासारखा.

मग मी शिकवायला बसले. बिनसुईची सिरिंज, औषध किती ओढायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये कसं सोडायचं. आधी पाण्याने. सुनेला पहिल्या फटक्यात जमलं. मुलाने अर्धं पाणी वडिलांच्या कॉलरवर सांडलं.

"कपडे धुवायला नाही सांगितलं," मास्टर म्हणाले आणि पुन्हा आ केला. "चल, परत. गिऱ्हाईक तयार आहे."

*

पण तो अख्खा दिवसही मिळाला नाही. मॅडम सकाळी येणार होत्या. मुलाचा फोन त्याच दुपारी आला. मी एका आजींच्या पायाची जखम धूत होते. फोन कानाला लावून खांद्याने धरला.

"सिस्टर, सुरू झालं."

"बसवलंय?"

"बसलेत. पुढे झुकलेत. टेबलावर उशी, उशीवर डोकं."

"खिडकी?"

"उघडली. पंखा तोंडावर धरलाय. सिस्टर, ओठ."

"बघू नका ओठांकडे. औषध?"

"हातात आहे."

"द्या."

"हात—"

"थरथरू दे. तसाच द्या. गालात."

काहीतरी पडलं. भांडं असावं. आजी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनीच माझ्या हातातला बोळा काढून घेतला आणि दाराकडे बोट केलं. जा.

"दिलं. सिस्टर, दिलं. गिळलं बहुतेक. आता?"

"आता थांबायचं."

"किती?"

"माझ्याशी बोलत राहा. मी निघालेय."

"काय बोलू? त्यांनी माझं मनगट धरलंय. गच्च. म्हणजे न्या म्हणतायत का? सिस्टर? असं धरलं म्हणजे काय?"

"विचारा त्यांना."

"बाबा. बाबा, नेऊ का? बाबा, हॉस्पिटल?" नुसता श्वास ऐकू येत होता, करवतीसारखा, जात आणि येत. "मान हलवत नाहीत. काहीच करत नाहीत. नुसतं धरलंय. मी फोन लावतो सिस्टर, मला नाही—"

"त्यांनी काल काय सांगितलं?" काल नव्हे, काही तासांपूर्वी, पण तोंडातून काल आलं.

 मी रस्त्यावर धावत होते. रिकामी रिक्षा दिसेना.

"धरून ठेवलंय," तो म्हणाला, थोड्या वेळाने. "मीही धरलंय." आणि मग, "अगं, तू कुठे चाललीस? खाली का... काय? कुणाला?" आणि मग माझ्याशी, अगदी हळू: "सिस्टर, हिने अँब्युलन्सला फोन केलाय."

*

अँब्युलन्स माझ्या आधी पोचली होती. दिवा फिरत होता, आवाज बंद. सून जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसली होती.

"मीच म्हणत होते घरी ठेवा म्हणून. मीच. आणि त्यांचे ओठ बघितले आणि माझे हात माझे राहिले नाहीत."

"असू दे. उठा. मला वर जाऊ दे."

वर जाता येत नव्हतं. जिन्यात दोन माणसं होती आणि त्यांच्यामध्ये स्ट्रेचर, तिरकं, भिंतीला घासत अडकलेलं. मी खालच्या माणसाच्या पाठीमागे. त्याच्या खांद्यावरून मला वरचं दार दिसत होतं आणि दारात मुलगा, दोन्ही हात चौकटीला.

"बाजूला व्हा हो," वरचा माणूस म्हणाला. "पेशंट आत आहे ना?"

"आहेत. पण न्यायचं नाही."

"कॉल तुमच्याच घरून आलाय."

"चुकून आला. म्हणजे चुकून नाही. घाबरून."

"श्वास लागलेला माणूस सोडून आम्हाला जाता येत नाही. उद्या आम्हालाच जाब विचारतात. लेखी काही आहे का?"

"उद्या मिळणार होतं."

"मग? कोण म्हणतं न्यायचं नाही? तुम्ही?"

मी खालून ओरडणार होते, मी नर्स आहे, माझं त्यांच्याशी बोलणं झालंय. श्वास घेतला. पण मुलगा आधी बोलला. 

"बाबा म्हणतात. आत आहेत, जागे आहेत. त्यांनाच विचारा."

आणि त्याने चौकटीवरचे हात काढले.

वरच्या माणसाने स्ट्रेचरचं टोक भिंतीला टेकवलं आणि तो आत गेला. मला काही दिसेना. पाय वाजले. पलंग करकरला. मोठ्या, स्वच्छ आवाजात प्रश्न आला, बहिऱ्या माणसाला विचारतात तसा: "काका, हॉस्पिटलला जायचं का?"



माझ्या मागे सून येऊन उभी राहिली होती. तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. ते न्या म्हणू शकतात. त्यांना हक्क आहे. मीच दिलाय. म्हणाले तर मी स्ट्रेचरला हात लावेन, खाली न्यायला मदत करेन, बाकावर बसेन. पुढच्या माणसाच्या पाठीवर घामाचा डाग होता, मी त्याच्याकडे बघत उभी राहिले.

प्रश्न पुन्हा आला. ह्या वेळी हळू. उत्तर, असलंच तर, जिन्यापर्यंत पोचलं नाही.

बऱ्याच वेळाने तो माणूस दारात आला आणि खालच्याला म्हणाला, "घे मागे."

"काय झालं?"

"नको म्हणतात काका. घे ना मागे. सरळ धर, भिंत खरवडेल."

आम्ही दोघी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो. रिकामं स्ट्रेचर आमच्या पोटांवरून घासत खाली गेलं. जाता जाता तो माणूस माझ्या पिशवीकडे बघून म्हणाला, "तुम्ही त्यांच्या नर्स का? लवकर जा."

मी वर पाहिलं. मुलगा दारातच होता. एका हाताचं मनगट लाल झालं होतं, दुसऱ्या हातात सिरिंज.

"या, सिस्टर," तो म्हणाला. "श्वास अजून लागलेलाच आहे. पुढचं औषध कधी द्यायचं ते सांगा. मी देतो."